कोयती बघायला कोकणात

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गात चाललोय म्हटल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकाने आंब्याच्या पेटीची ऑर्डर दिली, आणि मी म्हटलं की पेट्यांचं बघू पण मी मेनली कोयते बघायला चाललोय, तर सगळे गप्प. विकत घ्यायला का? नाही हो, बघायला. जुने, वापरून वापरून झिजलेले, लोकांच्या कमरेला लटकणारे. आता यात बघण्यासारखं काय हे जेवणाच्या सुट्टीत समजावता येत नाही म्हणून इथे लिहितोय, जरा लांबणार आहे.

चाकूंचा नाद मला बरीच वर्षं आहे, ट्रेकला जाणाऱ्यांना कमीजास्त असतोच. माझ्याकडे एक ओपिनेल आहे, आठ नंबरचा, कार्बन स्टीलवाला. फ्रान्समधल्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या, अवजारं घडवणाऱ्या घरातल्या पोराने १८९० मध्ये बनवायला घेतलेला हा शेतकऱ्यांचा साधा घडीचा चाकू, बीचच्या लाकडाची मूठ, आणि पातं अचानक बोटांवर मिटू नये म्हणून फिरवायची जी कडी असते ती १९५५ मध्ये आली. दुसरा स्वीडनचा मोरा, प्लॅस्टिकच्या म्यानातला, दिसायला अगदीच सामान्य पण कामाला वाघ. दोन्ही चांगलेच आहेत. पण खरं सांगू का, नव्या चाकूचे फोटो बघून मला काही होत नाही, आणि कुणाच्या तरी आजोबांचा, पातं निम्मं झिजलेला, मूठ काळीभोर झालेला चाकू दिसला की मी झूम करून करून बघत बसतो. नव्यात बनवणाऱ्याचं डोकं दिसतं, जुन्यात वापरणाऱ्याचं काम दिसतं, आणि मला दुसऱ्यात जास्त इंटरेस्ट आहे. असाच एक फोटो बघत होतो तेव्हा माझा मित्र पक्या मागून म्हणाला, "असले आमच्या तात्याच्या पडवीत चार-पाच टांगलेत, फॉरेनचे कसले बघतोस?" तिथेच ठरलं.

शनिवार रात्र

दादरहून तुतारी एक्सप्रेस, रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. गर्दी, एसी नाही, झोप यथातथाच. ओपिनेल सॅकच्या तळाला टॉवेलात गुंडाळून. विमानाने गेलो असतो तर तो चेक-इन बॅगेतच टाकावा लागला असता. पक्या चिपळूणपर्यंत घोरत होता आणि पुढेही.

रविवार, कुडाळजवळ

सकाळी उशिरा कुडाळला उतरलो, रिक्षा करून पक्याच्या गावी. घामाने शर्ट चिकटलेला, पडवीत टेकतोय तोवर काकींनी कोकम सरबत आणून दिलं आणि माझं लक्ष सरबताऐवजी समोरच्या खुंट्यांवर. पक्या थापा मारत नव्हता. एका ओळीत टांगलेली पाती, सगळ्यांचा आकार साधारण तोच, पुढे थोडं वाकलेलं टोक, पण रुंदी मात्र उतरत गेलेली.

तात्या म्हणजे पक्याचे थोरले काका, सत्तरीच्या पुढचे, अजून कमरेला आकडी बांधून फिरतात. आकडी म्हणजे लाकडाचा हुक, दोरीने कमरेमागे बांधायचा आणि त्यात कोयती अडकवायची, म्यान नाही, बटण नाही, काही नाही. चालताना पातं लाकडाला लागून टक टक वाजत राहतं. मी मोराच्या म्यानावर किती विचार केलाय ते आठवून गप्प बसलो, कारण आकडीतून कोयती काढायला अर्धा सेकंद लागतो, परत ठेवायला तेवढाच, आणि मागे न बघता. हे डिझाइन कुणी पेटंट केलेलं नाही एवढंच.

तर त्या ओळीचं म्हणणं असं. पहिली जाडजूड, बहुतेक नवीन, ती लाकडं फोडायला आणि फांद्या तोडायला. ती काही वर्षांनी घासून घासून हलकी होते, मग तिला लाकडाला लावत नाहीत, ती नारळाच्या झावळ्या, शहाळी, फणस अशा कामाला येते. आणखी झिजली की बांबू आणि गवत. आणि अगदी शेवटी, बोटभर रुंदीची राहिली की ती बाहेरून घरात येते, मासे, कुयरी (कोवळा फणस), काजू फोडणं. म्हणजे एकाच लोखंडाची नोकरी बदलत जाते, आणि दर वेळी ते आधीपेक्षा बारीक कामाला लायक होतं. मी आजवर 'झिजलेला' म्हणजे संपत आलेला असं धरून चाललो होतो, इथे झिजणं हेच प्रमोशन की डिमोशन ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळ्यात बारीक होती ती मी हातात घेऊन बघायला लागलो तर तात्या हसले. "ह्येच्यात काय बघतंस? बापाशीची ती. तेव्हा चार बोटां रुंद होती." आता जेमतेम दीड बोट. झीज सगळीकडे सारखी नव्हती. टोक जवळजवळ तसंच, मुठीजवळची दोनेक इंचही तशीच, आणि मधलं पोट आत गेलेलं, कारण घाव बसतो तो तिथेच, त्यामुळे दगडावर जास्त जातं तेही तेच. एका बाजूची उतार दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त, कारण उजव्या हाताचा माणूस एकाच अंगाने जास्त घासतो. मुठीवर अंगठा टेकतो तिथे लाकूड खोलगट झालं होतं आणि माझा अंगठा तिथे बसत नव्हता, तात्यांचे वडील उंचीला कमी असावेत. पात्याचा रंग तर विचारू नका. करडा, निळसर, मध्येच काळे ढग. कोकमाचं, चिंचेचं आंबट, केळीचा चीक, फणसाचा चीक, हे सगळं कार्बनवाल्या पोलादावर चढत जातं आणि काळपट थर धरतो. हा थर म्हणजे लाल गंज नव्हे, उलट तो लाल गंजाला थोडाफार अडवतो. परदेशात हौशी लोक नव्या पात्याला मोहरी नाहीतर व्हिनेगर चोपडून हा रंग एका संध्याकाळी आणतात. मी पण ओपिनेलवर लिंबू घासून आणला होता. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ओपिनेलचा रंग अगदी मेकअप केल्यासारखा वाटला.

दुपारी काकी ओले काजूगर काढायला बसल्या. हिरवी बी, तिच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी भाजतं, फोड येतात, म्हणून हाताला राख चोळून बसायचं. तीच आजोबांची दीड बोटी कोयती. बी उभी धरायची, पातं शिवणीवर टेकवायचं, एक दाब, दोन फाकी, आणि टोकाने गर अख्खा बाहेर. गर तुटला तर बाजारात भाव पडतो. मी म्हटलं काकी मी करून बघू, तर "नको रे बाबा, मुंबैक गेल्यार हात दाखवशीत सगळ्यांका." मग मी नुसता बघत बसलो. जाड पातं इथे चाललंच नसतं, बी चिरडली असती. एवढी बारीक धार मिळायला त्या कोयतीला दोन पिढ्या लागल्या.

सोमवार, लोहारसाळ

तात्यांची मधली एक कोयती धार धरत नव्हती म्हणून लोहाराकडे न्यायची होती, मी अर्थातच मागे. साळ म्हणजे पत्र्याखाली एक भट्टी, ऐरण, पाण्याचं दगडी कुंड. भात्याच्या जागी आता छोटा विजेचा पंखा आहे, कोळसा मात्र करवंट्यांचा. कोपऱ्यात ट्रकच्या कमानपाट्यांचा ढीग. कमानपाट्याचं पोलाद म्हणजे कोयत्याला सोनं, त्यात कार्बन साधारण अर्धा टक्क्याच्या वर, त्यामुळे कडक होतं, आणि मुळात लवायला बनवलेलं म्हणून सहसा तुटत नाही. पूर्वी म्हणे सगळा कोयता मऊ लोखंडाचा आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडायचे, पोलाद महाग होतं. आता हायवेवर ट्रक आहेत तोपर्यंत प्रश्न नाही.

धार का धरत नाही याचं उत्तर मला इथे मिळालं आणि ते मला फार आवडलं. लोहार सगळं पातं कडक करतच नाही. लाल तापवतो, आणि फक्त धारेकडची बोटभर कड पाण्यात बुडवतो, पाठ बाहेर. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने ती कड खसाखसा घासतो म्हणजे उघडं पोलाद दिसावं, आणि बघत बसतो. पाठीत अजून उष्णता असते ती हळूहळू धारेकडे सरकते, आणि तिच्याबरोबर रंग सरकतो. आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. नुसतं कडक पोलाद काचेसारखं तडकतं, त्याला थोडं परत मऊ करायचं असतं, आणि किती मऊ ते हा रंग सांगतो. पिवळा म्हणजे सव्वादोनशे डिग्रीच्या आसपास, निळा तीनशेच्या जवळ. याच्याकडे थर्मामीटर नाही. पिवळा जाऊन तपकिरी यायला लागला की सगळं पातं कुंडात, चर्र, संपलं. लाकडाची कोयती असेल तर आणखी थोडा थांबतो, जांभळा येऊ देतो, कारण गाठीवर आपटली तर धार फुटू नये.

म्हणजे कडक भाग फक्त ती बोटभर पट्टी. ती वर्षानुवर्षं दगडावर झिजत गेली की एक दिवस आपण मागच्या मऊ लोखंडात पोचतो, आणि मग कितीही घासा, दोन झावळ्यांत धार जाते. तेव्हा परत पाणी द्यायचं, म्हणजे तापवून कड परत बुडवायची. तात्यांच्या वडिलांच्या कोयतीला असं किती वेळा पाणी दिलंय हे कुणालाच आठवत नाही. मी विचारलं की दर वेळी तापवल्यावर पोलाद खराब नाही का होत, तर लोहार म्हणाला होतं, जास्त तापवलंस तर होतं, म्हणून तर तो सावलीत काम करतो, उन्हात लाल किती लाल ते कळत नाही. पत्रा पावसासाठी असेल असं मला वाटत होतं.

शेवटी त्याने कोयती दोन बोटांत सैल धरली आणि नखाने पात्यावर टिचकी मारली. टणणण. "पाणी बरोबर बसला की आवाज येता." तडा गेला असेल तर बद्द वाजते. मग तात्यांनी पण वाजवली, मग मी पण वाजवली, मला तिन्ही वेळा सारखीच वाटली पण मी मान डोलावली.

पैसे किती झाले ते सांगत नाही, सांगितलं तर लोक म्हणतील मी त्याला लुबाडलं. मी जास्त द्यायला गेलो तर तात्या चिडले, "रेट बिघडवू नको."

मंगळवार, कवळ आणि माणगा

सकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. भातशेतीची दाढ भाजायची असते, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळायचं, त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या हिवाळ्यातच तोडून वाळवून ठेवलेल्या असतात, त्याला कवळ म्हणतात. त्या झाडांकडे बघितलं की कोयतीचं काम लगेच कळतं. दर वर्षी तोडून तोडून खोडाला गाठी आल्यात, आणि प्रत्येक तोड खालून वर, तिरकी, एका घावात, साल न सोलता. वरून खाली मारली तर साल खाली फाटत जाते आणि त्यात पावसाचं पाणी मुरून खोड कुजतं. हे शाळेत कुणी शिकवत नाही. भाजावळीला विरोध करणारे आहेत, धूर, माती, सगळं खरं आहे, आणि हल्ली बरेच जण करतही नाहीत, पण तो वेगळा विषय.

मग माणग्याच्या बेटाकडे. माणगा म्हणजे इथला बांबू, काटे नाहीत, आतून बराचसा भरीव, म्हणून काठीला, मांडवाला मागणी. तात्यांना टोपलीसाठी कांब्या हव्या होत्या. त्यांनी मला कालचीच पाणी दिलेली कोयती दिली आणि म्हणाले फाड. आता बांबू फाडणं हे तोडणं नाहीच. कोयती फक्त सुरुवात करून देते, मग तिला किंचित पिळ देत पुढे न्यायची, बांबू स्वतःच फाटत जातो, आणि फाट एका बाजूला पळायला लागली की जाड बाजूवर जोर द्यायचा म्हणजे ती परत मध्ये येते. दोन-तीन कांब्यांनंतर मला ते हाताला कळायला लागलं, पक्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

तेव्हा लक्षात आलं की या पात्याला कुठेही ठळक कंगोरा नाही. आपल्या दुकानातल्या चाकूला धारेजवळ एक वेगळी चकचकीत उतार असते, बाकी पातं सपाट. तात्या धार लावताना कोयती दगडावर जवळजवळ आडवीच टेकवतात आणि गोल फिरवतात, त्यामुळे पाठीपासून धारेपर्यंत सगळा पृष्ठभाग एकच हलका फुगीर उतार होऊन जातो. असं नसतं तर पातं जसं अरुंद होत जातं तशी धार जाड भागात सरकते आणि कोयती बोथट पाचर होऊन बसते. चाकूवाल्या जगात या फुगीर धारेला वेगळं नाव आहे, त्यासाठी पट्ट्याची मशीन घेतात, कोर्स करतात. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, दगड आडवा ठेवलेला आहे तर कोयती उभी कशाक धरू?

आणि हे पण लिहून ठेवतो कारण मी इथे नुसताच भारावून गेलो असं कुणाला वाटायला नको. मी जुनीच्या एवढ्या आरत्या ओवाळत होतो आणि तात्यांना विचाराल तर त्यांना नवीन आवडते. "माका नवीनच बरी. वजन असता, एक घाव नि काम झाला." जुनी ठेवतात ती फेकवत नाही म्हणून नव्हे, तर तिला अजून काम आहे म्हणून. काम संपलं की भंगारवाल्याला. म्हणजे मी ज्याला सौंदर्य म्हणतोय ते त्यांच्या लेखी शिल्लक माल आहे. आमचं यावर एकमत झालं नाही, पण जेवणात तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एकशिपी होती त्यामुळे वाद फार लांबला नाही.

बुधवार, वेंगुर्ला

एसटीने वेंगुर्ला. फळ संशोधन केंद्र इथलंच, काजूच्या वेंगुर्ला चार आणि वेंगुर्ला सात या जाती कोकणात सगळ्यांना ठाऊक आहेत. आम्ही मात्र पक्याच्या ओळखीच्या एका छोट्या नर्सरीत गेलो, कारण तिथे कलमं बांधणारा जो माणूस आहे त्याचा चाकू बघायचा होता. कोयत्यांनंतर एकदम उलट टोक. हातात मावेल एवढा घडीचा चाकू, आणि त्याला धार एकाच अंगाने, दुसरं अंग आरशासारखं सपाट.

आंब्याची कोय कलमं मुख्यतः पावसाळ्यात होतात, आता काजूवर दाखवतो म्हणाला. पिशवीतलं रोप, त्याचा शेंडा छाटला, खोडात मधोमध उभी चीर. मग चांगल्या झाडावरून आणलेली कांडी, तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर. दोन काप. मोजून दोन. तिसरा काप मारला की सपाटी गेली, पाचर चिरेत पूर्ण टेकत नाही, आणि सालीखालचा तो ओला हिरवा थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला नाही तर कलम मरतं. म्हणून धार एकांगी, सपाट अंग लाकडावर टेकून सरळ सरकतं, दोन्ही बाजूंनी धार असती तर पातं लाकडात घुसलं किंवा बाहेर आलं असतं. मग प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, वर छोटी पिशवी, पुढचं रोप. सगळं मिळून मिनिटभर असेल नसेल.

चाकू बघायला मागितला तर आधी त्याने पँटवर पुसला, मग मूठ माझ्याकडे करून दिला. पात्याला कंबर आलेली होती! टोक रुंद, मूळ रुंद, आणि मध्ये इंचभर जागा आत गेलेली, कारण हजारो पाचरी त्या इंचभरातच तासल्यात. बाकीचं पातं जवळजवळ कोरं. दगड बारीक, त्यावर सपाट अंगाला फक्त एक हलका हात, उतारालाच सगळी घासाई, आणि शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर. मी माझ्या हातावरचे केस कापून बघितले, गेले. मला कंपन्यांचे जे महागडे चाकू माहीत आहेत त्यातले नव्वद टक्के याच्यापुढे टिकणार नाहीत, आणि याने कधी पोलादाचा ग्रेड विचारला पण नसेल.

एक मात्र. हा चाकू तो दुसऱ्या कशालाच लावत नाही. शेजारी सुतळी कापायची होती तर उठून कात्री आणायला गेला. तात्यांची कोयती सगळं करते म्हणून सुंदर, हा एकच गोष्ट करतो म्हणून सुंदर, मला दोन्ही पटतं.

संध्याकाळी बंदरावर मासे बघितले, वेंगुर्ल्यात राहिलो.

गुरुवार, सावंतवाडी

फार लिहिण्यासारखं नाही. मोती तलाव, राजवाडा, चितार आळीत लाकडी फळं. एका दुकानात मागे बसून काम चालू होतं तिथे पोलादाची आखूड पटाशी बघितली, एवढी झिजलेली की तिला मुठीपेक्षा पातं लहान. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले खेळण्यांचा काढा ना. काढला.

शुक्रवार, म्हापसा

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार यासाठीच प्लॅन असा बसवला होता. मयड्याची मोठी केळी, गोव्याची चोरिसांव (मसालेदार सॉसेज), सुक्या मिरच्या, मडकी, हे सगळं ओलांडून लोखंडवाल्यांकडे. जमिनीवर गोणपाट आणि त्यावर कोयते, आडाळे (विळ्या), कुदळी, पिकासं, खोबरं किसायचे दातेरी गोळे. सगळं नवीन, काळं, घणाचे ठोके अजून पात्यावर दिसणारं. धार कुणालाच नाही. बाजारातल्या कोयत्याला धार नसतेच, ती ज्याची त्याने काढायची, कारण लाकडाला हवी की गवताला ते विकणाऱ्याला काय माहीत.

मी बऱ्याच उलटसुलट करून बघितल्या. सरळ आहे का ते पाठीवरून एक डोळा मिटून बघायचं, मुठीतून बाहेर आलेली शेपटी वळवून ठोकलीय का बघायचं, मूठ हलते का बघायचं. एक घेतली, मध्यम, हाताला बसली. मालकीणबाईंनी सांगितलेल्या भावाला मी लगेच हो म्हटलं आणि पक्याने कपाळाला हात लावला, मग त्याने पाच मिनिटं घासाघीस करून पन्नास रुपये वाचवले आणि ते उर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूत, घालवले. सीझन चालूच होता, लिमका, मीठ, चिरलेली मिरची. दुपार तिथेच गेली.

शनिवार, बाणावली आणि मडगाव

सकाळी लवकर उठून मडगावजवळच्या एका गावात रेंदेराला बघायला गेलो. माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा. आता फार थोडे राहिलेत, पोरं बोटीवर नाहीतर परदेशी जातात. दिवसातून तीनदा चढायचं, सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासायला. खोडाला पायापुरत्या खाचा, कमरेमागे काती, बाजूला सूर भरायचं भोपळ्याचं दुदिणं. काती म्हणजे रुंद, अर्धगोल पात्याचं हत्यार, आणि तिचं काम ऐकून मी थक्क झालो. पोयीच्या टोकाची पापुद्र्याएवढी चकती कापायची, रोज, जास्त कापली तर पोय लवकर संपते, कमी कापली तर जखम सुकते आणि सूर थांबते. एवढं नाजूक काम, झाडाच्या शेंड्यावर, एका हाताने. म्हणून कातीची धार वस्तऱ्याची. खाली उतरल्यावर त्याने ती आम्हाला दाखवली पण हातात नाही दिली, आणि बरोबरच केलं.

तिथून बाणावलीला गोवा चित्र म्युझियम. व्हिक्टर ह्यूगो गोमिश या माणसाने गोव्यातली जुनी शेतीची, घरातली अवजारं गोळा करून उभं केलंय, हजारो वस्तू. नांगर, मापं, घाणे, मडकी, आणि कोयते-काती-विळे. मी इतर लोकांपेक्षा बराच जास्त वेळ तिथे काढला. आठवडाभर बघून आता वाचता यायला लागलं होतं, हा डावखुऱ्याचा, हा नारळावर गेलेला, याला शेवटचं पाणी जास्त कडक बसलंय म्हणून धारेचे टवके उडालेत. गोमिशनी हे जमवलं नसतं तर यातलं बरंचसं भंगारात वितळलं असतं यात शंकाच नाही. पण भिंतीवरच्या पात्यांना तेल लावलेलं असतं, आणि तात्यांच्या पडवीतल्याला काजूचं तेल, त्यामुळे मला विचाराल तर आधी पडवी बघा आणि मग म्युझियम, उलट केलंत तर नुसतं लोखंड दिसेल.

संध्याकाळी मडगावहून कोकणकन्या एक्सप्रेस. प्लॅटफॉर्मवर बसल्या बसल्या पक्याने तात्यांना फोन लावला, पोचतोय वगैरे, आणि मध्येच सांगून टाकलं की याने म्हापशाहून कोयती घेतलीय. तात्यांनी फोन मला द्यायला लावला.

"वाजवून घेतलंस मां?"

म्हटलं बाजारात एवढा गोंगाट होता, काय ऐकू येणार. मग त्यांच्या सांगण्यावरून तिथेच, सॅकमधून गोणपाटाचं गाठोडं अर्धवट उघडून, दोन बोटांत धरून, फोन जवळ नेऊन टिचकी मारली. समोरच्या बाकावरच्या आजी एकदम उठून पलीकडे जाऊन बसल्या.

"परत मार."

मारली.

"पाणी कमी असा. लाकडाक चलात, बाकी काय नाय. गणपतीक येतलास तेव्हा घेवन ये, आपल्याकडे देवया परत पाणी. आणि तोवर घरात काय तोडू नको तिना."

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर मी काय तोडणार आहे हा प्रश्नच होता म्हणा. गणपतीचं बुकिंग उघडायला अजून बराच वेळ आहे पण पक्याने तिथेच मोबाइलवर रिमाइंडर लावला, सकाळी आठला पाच मिनिटं कमी असतानाचा, कारण आठला उघडलं की मिनिटाभरात वेटिंग.